लस दीलि

१४ मार्च

पोरी,

पत्राला कारण आहे, पण ते शेवटी सांगते. आधी इकडचं.

दुकान चालू आहे. गिऱ्हाईक कमी झालंय. लोक आता ते आत शाई भरलेले शिक्के घेतात, दाबलं की टक् आणि झालं. तरी एक शाळा, दोन-तीन वकील आणि लसीचं केंद्र अजून माझ्याकडेच येतात. गेल्या आठवड्यात एका वकिलाचा शिक्का कापला. नाव एवढं लांब की रबर पुरेना. म्हटलं, "वकीलसाहेब, तुमच्या आईबापांनी नाव ठेवताना शिक्केवालीचा विचार केलेला दिसत नाही." तो हसला. मीही हसले असेन. आठवत नाही.

समोरचा इस्त्रीवाला आहे तसाच आहे. त्याची मुलगी आता शाळेत जाते. तिच्याकडे मी फारसं बघत नाही.

जावईबापूंचा फोन आला होता. नंबर नवा होता म्हणून ओळखला नाही, नाहीतर उचलला नसता. मुलगी झाली म्हणाले. बारा दिवस झाले, दोघी ठीक आहेत. मी "बरं" म्हटलं. त्यापुढे काही सुचलं नाही. त्यांना वाटलं, लाइन तुटली. ते हॅलो हॅलो करत राहिले आणि मी ऐकत बसले.

तू रागावली आहेस. रागावच. तुझी ठिपकी गेल्यावर तू म्हणालीस, "आई, आमच्याबरोबर चल." मी दुकानाचं निमित्त सांगितलं. मग दीड वर्ष तुझा फोन घेतला नाही. तू चिठ्ठी पाठवलीस, "माझं मूल गेलं, आणि आई जिवंत असून गेली." ती कपाटात ठेवली आहे. बरोबर लिहिलंस, त्यात खोडण्यासारखं काही नाही. फोन कानाला लावला की माझं तोंड लाकडाचं होतं. हाताला काम असलं की मी थोडी माणसात असते, म्हणून लिहिते आहे. शुद्धलेखनाला हसू नकोस. तुला माहीत आहे, तुझे बाबा गेल्यावर त्यांची ब्लेडं हातात घेतली तेव्हा कुठे मी अक्षरं शिकले. रबरावर उलटी कापायची, म्हणून उलटी आधी शिकले आणि सुलटी नंतर.

आता कारण. त्याच फोनवर पुढे जावईबापू म्हणाले, हिला टोचायचं नाही असं तू ठरवलं आहेस. पहिली टोचणी सहा आठवड्यांनी असते. मी मोजलं, तेरा एप्रिल येते. तेवढं कर. माझ्याशी हवं तर जन्मभर बोलू नकोस.

तुझी आई


२७ मार्च

पोरी,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळी. पंधरा-वीस वेळा वाचल्या, म्हणजे बरंच झालं म्हणायचं.

तू लिहिलंस, "ठिपकीचे सगळे डोस झाले होते. तूच नेत होतीस. कार्ड माझ्याकडे आहे, त्यावर चार शिक्के आहेत. तरी ती घटसर्पानेच गेली ना? मग हिला सुया कशाला टोचू? एक कारण सांग."

सांगते.

आम्ही सात भावंडं. तुझ्या आजीला कोणी विचारलं, "मुलं किती?" तर ती म्हणायची, "सध्या चार." मला लहानपणी वाटायचं सगळ्याच आया असं बोलतात. "सध्या." बाजारात भाव सांगतात तसं.

त्यातली दोन घटसर्पाने गेली. भाऊ सहा वर्षांचा होता, माझ्याहून मोठा. पहिल्या दिवशी गिळताना दुखतं म्हणाला. दुसऱ्या दिवशी मान अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण लागेना. घशात राखाडी साय धरते, ती काढायला गेलं की रक्त येतं. श्वास घेताना असा आवाज यायचा, जसं कोणी ओलं लाकूड करवतीने कापतंय. मग तो आवाज थांबला. आम्हाला वाटलं झोप लागली. आठ दिवसांनी धाकटी. तिसरं डांग्या खोकल्याने गेलं, ते तर नाव ठेवण्याआधीच. गल्लीत प्रत्येक घरात असं एखादं तरी होतं. त्याबद्दल कोणी फार बोलायचं नाही. पायरी तुटलेली असली की घरातली माणसं न बघता ओलांडतात, तसं ओलांडायचं.

मग टोचणी आली. गल्लीतल्या मुलांच्या माना फुगायच्या बंद झाल्या. आता तुमच्या पिढीला घटसर्प म्हणजे सापाची जात वाटते. रोग दिसत नाही म्हणून सुई नको वाटते. अगं, छप्पर आहे म्हणून तर आपण कोरडे आहोत. कोरडे आहोत म्हणून छप्पर काढायचं का?

तुला सगळ्या टोचण्या मी स्वतः नेऊन दिल्या. तू रडायचीस आणि तुझ्याबरोबर मीही. तुझे बाबा म्हणायचे, "सुई नक्की कोणाला टोचली? बाईंना विचारून येतो."

ठिपकीचं काय, असं तू विचारशील. शंभरात एखाद्याला लागू होत नाही म्हणतात. तसं झालं असेल. किंवा औषध गार ठेवावं लागतं, केंद्रातला फ्रीज बंद पडला असेल. तिथे कोण काय लक्ष देतं, आपल्याला काय माहीत.

ते जाऊ दे. हिला तेरा तारखेला ने.

आई


८ एप्रिल

पोरी,

तुझं दुसरं पत्र आलं. मी फ्रीजचं लिहायला नको होतं.

तू लिहितेस, "म्हणजे औषधच खराब होतं. मला संशय होताच. तसं असेल तर माझ्या पोरीला तिथे मुळीच नेणार नाही, इथलीही औषधं तसलीच असतील. आणि त्या बाईची तक्रार वरपर्यंत करणार. आई, तू साक्ष दे, डोस द्यायला तूच नेत होतीस."

काल ती बाई दुकानात आली होती.

टोचणीबाई. तुला आठवत असेल, उंच, केसांची घट्ट वेणी, मुलांशी बोलताना आधी स्वतःच्या दंडाला खोटी सुई टोचून "आई गं" करायची. आता वेणी नाही, केस कापलेत. केंद्रातला शिक्का झिजला म्हणून नवा करायला आली.

मी म्हटलं, "तुम्ही का आलात? शिपाई यायचा."

"आता अशीच कामं असतात मला, मावशी. सुई हातात देत नाहीत."

मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. ठिपकी गेल्यावर वरून माणसं आली होती चौकशीला. कार्डावर चार शिक्के आणि केंद्राच्या वहीत एकच नोंद. बाकी तीन वेळांची नोंदच नाही. तिला विचारलं, शिक्का मारलात, मग लिहिलं का नाही? ती म्हणाली, गर्दीत राहून गेलं असेल. तेव्हापासून तिला औषधांच्या खोलीत रुग्णांना चिठ्ठ्या फाडून द्यायला बसवलंय.

मी रबर मापत होते. पट्टी ठेवली, खूण केली, पुन्हा ठेवली.

ती म्हणाली, "नोंद राहिली असती तर काही नव्हतं हो. मला दुसरीच शंका येते. शिक्का आधी मारला आणि सुईच द्यायची राहिली, असं झालं असेल का? एकदा होईल. पण तीनदा? मी रोज तो दिवस आठवायचा प्रयत्न करते. तुम्ही पोरीला मांडीवर घेऊन बसलाय असं चित्र आणते डोळ्यांसमोर. येतच नाही. तुम्हाला आठवतं का? मी सुई दिली होती ना?"

रस्त्यावरून भंगारवाल्याची गाडी चालली होती. ती जाईपर्यंत मी पट्टी पुसत होते.

मी म्हटलं, "तुमच्या हातून तसं होणार नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

मी म्हटलं, "शिक्का शुक्रवारी न्या."

ती "बरं" म्हणाली. जाताना दारात वळली. "तुमच्या मुलीला दुसरं झालं म्हणे. दीड महिना होईल ना आता? टोचायला विसरू नका म्हणावं. माझ्यावर विश्वास नसेल, तर दुसरीकडे न्या. पण न्या."

हे पत्र आज टाकत नाही. उद्या आणखी एक लिहीन. दोन्ही एकाच पाकिटात घालीन. हे आधी वाच.


९ एप्रिल

पोरी,

ठिपकीचं कार्ड काढ. फाइलमध्ये असेल. उजेडात ने.

पहिला शिक्का बघ. लंबगोलात लिहिलंय, "लस दिली." द ला पहिली वेलांटी, ल ला दुसरी. बरोबर आहे.

आता दुसरा बघ. "लस दीलि." वेलांट्या उलट्या आहेत. तिसऱ्यातही, चौथ्यातही.

तो शिक्का केंद्राचा नाही. माझा आहे.

केंद्राने पहिल्यांदा शिक्का सांगितला तेव्हा मी दोन कापले. पहिल्यात चूक झाली. रबरावर पहिली वेलांटी दुसरीसारखी कापावी लागते, दुसरी पहिलीसारखी. मला ते सवयीचं आहे. त्या दिवशी अक्षरं उलटी कापली आणि वेलांट्या मात्र सुलट्या कापून ठेवल्या. छाप काढल्यावर कळलं. दुसरा कापून दिला. चुकलेला टाकायचा होता, पण लाकडी मूठ चांगली होती, म्हणून खणात राहिला.

आता पुढचं सांगते. थांबले तर राहील.

ठिपकी सव्वा महिन्याची असताना तू तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेलीस. जावईबापू जहाजावर. तू शनिवारी यायचीस, सोमवारी पहाटे जायचीस. मधले दिवस ती आणि मी. पहिल्या डोसला मी नेलं. टोचणीबाईंनीच दिला. संध्याकाळी अंग तव्यासारखं तापलं. मांडी सुजून कडक झाली. ती सारखी रडत होती, आणि रडताना माझ्याकडेच बघत होती. तुझ्या वेळी मी आई होते, सोसलं. पण ही दुधावरची साय. मला वाटलं, एवढ्याशा जिवाला मीच धरून दिलं सुईच्या तोंडी.

दुसऱ्या डोसच्या दिवशी नेली होती. खरंच नेली होती. रांगेत आमच्या पुढे एकच बाई होती. तिचं मूल किंचाळलं आणि ठिपकीने माझं बोट घट्ट धरलं. मी परत फिरले. पुढच्या आठवड्यात नेऊ म्हटलं. पुढच्या आठवड्यात तिला सर्दी होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात मलाच पाऊल उचलेना. शनिवारी तू विचारलंस, "डोस झाला का?" मी म्हटलं, "झाला." एवढं सोपं होतं ते.

तू म्हणालीस, "कार्ड दे, फाइलला लावते." तू भात टाकायला आत गेलीस. मी खण उघडला.

पहिल्या खोट्याला जीभ अडखळते. पुढच्याला वाट माहीत असते. तिसरा डोस आणि दीड वर्षाचा बूस्टर, दोन्हीच्या तारखा मीच हाताने लिहिल्या. बूस्टरला तू सुट्टी काढणार होतीस. मी म्हटलं, "आजी कशाला आहे? तू जा कामावर." ती दिवसभर माझ्याबरोबर दुकानात होती. तुझ्यासाठी कागदावर ठिपके काढत होती, पॅडमध्ये बोट बुडवून. तू ते कौतुकाने, खाली तारीख घालून, भिंतीला लावलेस. ती तारीख आणि कार्डावरची चौथी तारीख एकच आहे, बघ.

मला माहीत नव्हतं असं नाही. माझा भाऊ मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. तुला पत्रात छपराची गोष्ट लिहिणारी मीच. मला वाटायचं, आता कुठे राहिलाय तो रोग. गल्लीतल्या बाकी मुलांना टोचलंय, त्यांच्या आडोशाने हीपण निभेल. दुसऱ्याच्या छत्रीत चालायचं ठरवलं होतं मी तिच्यासाठी. तिला न विचारता.

अजून आहे.

ती आजारी पडली तेव्हा पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे मीच नेली, तू कामावर होतीस. त्याने घशात बॅटरी मारली. जरा थांबला. म्हणाला, "कार्ड आहे का?" मी फाइलमधून काढून नेलं होतं. त्याने चारही शिक्के बोटाने मोजले. "आजी, सगळे डोस झालेत ना?"

मी म्हटलं, "कार्डावर आहेत की."

तो म्हणाला, "मग ते नसणार. घसा सुजलाय, औषध देतो." दोन दिवस ती गुलाबी बाटली. तिसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात नेली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरने लांबूनच ओळखलं. या रोगाचं औषध दुसऱ्या शहरातून यायचं होतं. आलं, तोवर विष हृदयापर्यंत गेलं होतं. तो तुला म्हणाला होता, "दोन दिवस आधी आणायला हवी होती." तू तेव्हापासून स्वतःला दोष देतेस, कामावर गेले म्हणून. मार्चच्या फोनवर जावईबापूंनी सांगितलंय मला. तू दोन दिवस नाही घालवलेस. ते मी घालवले, त्या खुर्चीत बसून, तीन शब्दांत.

तिथेही त्याने विचारलं, "डोस?" तू म्हणालीस, "सगळे झालेत डॉक्टर, सगळे." मी तुझ्या मागे पिशवी धरून उभी होते. पिशवीत तिचा फ्रॉक, चमचा आणि पाण्याची बाटली होती. बाटलीचं झाकण नीट लागलेलं नव्हतं, फ्रॉक भिजत होता. मी ते बघत राहिले.

समोरच्या इस्त्रीवाल्याची मुलगी तिच्याबरोबर दिवसभर असायची. एका पेल्यातून पाणी प्यायच्या, एक बोर दोघी चावायच्या. तिला काही झालं नाही. चौकशीच्या माणसांनी तिच्या घशातला नमुना नेला, जंतू तिच्याही घशात होते म्हणे. मी तिचं कार्ड मागून बघितलं. "लस दिली. लस दिली. लस दिली. लस दिली." सगळ्या वेलांट्या बरोबर.

तुला एक कारण हवं होतं. हे आहे. औषध खराब नव्हतं. फ्रीज बंद नव्हता. बाईंनी काही चुकवलं नाही. ठिपकीला लस मिळालीच नव्हती. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, एवढंच तुझं चुकलं.

शुक्रवारी टोचणीबाई येतील. त्यांना सांगेन. तो शिक्का त्यांच्याकडे देईन, साहेबांना दाखवायला. तुला तक्रार करायची असेल तर माझी कर. साक्ष मी देईन.

हिला ने. रडेल. रडू दे. ताप आला तर डॉक्टर सांगतील ते पातळ औषध दे आणि मांडीवर घेऊन बस. ती तुझ्याकडे असं बघेल जसं काही तूच दुष्ट आहेस. त्या बघण्याला मी भ्याले. तू भिऊ नकोस.

खाली काय लिहायचं कळत नाही. "आई" लिहू का, ते तू ठरव.


२६ एप्रिल

पोरी,

जावईबापूंचा फोन आला होता. मी घेतला. नंबर ओळखूनही घेतला.

ते म्हणाले, पाकीट तेराला पोचलं. तू वाचलंस, मग कार्ड घेऊन खिडकीशी बसलीस. ते चहा ठेवून गेले, तो तसाच राहिला. दोन दिवस तू कोणाशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पोरीला गुंडाळलंस आणि एकटीच घेऊन गेलीस. त्यांना येऊ दिलं नाहीस. परत आलीस तेव्हा कार्डावर पहिला शिक्का होता.

मी "बरं" म्हटलं. या वेळी त्यांनी हॅलो हॅलो केलं नाही. म्हणाले, "आई, मला तुमच्याशी काय बोलावं कळत नाही." म्हटलं, "नका बोलू. ठेवा."  मग ठेवला.

टोचणीबाई शुक्रवारी आल्या होत्या. दोन्ही छाप एका कागदावर काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्या बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातून नाही." मी म्हटलं, "नाही." पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." मग त्या स्टुलावर बसल्या आणि पाणी मागितलं. अर्धा पेला प्यायल्या. म्हणाल्या, "मावशी, मी दीड वर्ष माझ्या मुलीला जवळ घेतलेलं नाही. वाटायचं, या हातांनी नको." कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. नवा शिक्का तपासून घेतला, एकेका अक्षराला बोट लावून. निघताना माझ्याकडे बघितलं नाही. सोमवारी त्यांच्या साहेबांनी मला बोलावलं. सगळं सांगितलं, अंगठा नाही, सही केली. पुढे काय ते कळेल. केंद्राचं काम आता माझ्याकडे येणार नाही. यायलाही नको.

तुझं पत्र परवा आलं. पाकिटात कागद एकच, त्यावर वर नाव नाही, खाली नाव नाही. मधे एक ओळ.

"पहिल्या डोसनंतर ठिपकीला ताप किती दिवस होता?"

तू हे का विचारलंस ते मला कळलं. त्या आठवड्यात तू नव्हतीस. मी तुला कधी सांगितलं नाही आणि तू कधी विचारलं नाहीस. मी उत्तर लिहायला तीन दिवस बसते आहे. ओळ लहान आहे. तरी.

डोस मंगळवारी होता. संध्याकाळी ताप चढला. रात्री उतरला. बुधवारी सकाळी मी दुकानाचं दार उघडलं, तिला कापडावर टेबलावर ठेवलं आणि ब्लेड पुसायला घेतलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती हसली. पहिल्यांदाच हसली. तुला शनिवारी दाखवायचं म्हणून मी ते जपून ठेवलं होतं, आणि शनिवारी ती तुझ्याकडे बघूनही हसली, तुला वाटलं तेच पहिलं.

एक दिवस, पोरी. एकच दिवस होता.